वास्कोला इतिहास नाही म्हणे!

मी गोव्यातल्या वास्को शहराचा. मागच्या आठवड्यात एका लग्नात पणजीचे एक गृहस्थ शेजारी बसले होते. बोलता बोलता म्हणाले, "वास्कोला कसला आलाय इतिहास? बंदर आलं, रेल्वे आली, भायले (बाहेरचे लोक) आले, झालं शहर." पंगतीत वाद घालायचा नाही हा आमच्या आजोबांचा दंडक. म्हणून सोलकढीची वाटी तोंडाला लावली आणि गप्प बसलो. पण पोटात राहिलंय ते आता इथं ओततो.

त्यांचं अर्धं खरं आहे, आधी तेच कबूल करतो. पणजी 1843 साली राजधानी झाली तेव्हा आमच्याकडे शहर म्हणावं असं काही नव्हतं. मुरगांव बंदर आणि तिथून सीमेवरच्या कॅसलरॉककडे जाणारी रेल्वे ही 1880 च्या दशकातली. वास्को वाढलं ते त्यांच्या अंगाखांद्यावर. मडगावसारखा मठग्रामचा (मठांच्या जुन्या गावाचा) वारसा आम्हाला नाही, म्हापशासारखा जुना शुक्रवारचा बाजार नाही. पणजीच्या फोंतेन्यास वाड्यासारखी रंगीत घरंही नाहीत, त्यामुळे फोटो काढायला कुणी येत नाही. आणि आपल्याकडे फोटो निघत नाही त्याला वारसा म्हणायची पद्धत नाही.

पण नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोत या. दामोदराचा भजनी सप्ताह, म्हणजे भजनाचा उत्सव, बसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात साथ आली, तेव्हा इथले व्यापारी जांबावलीला गेले, श्री दामोदराच्या चरणीचा नारळ घेऊन आले, तो मांडून सात दिवस अखंड भजन केलं आणि साथ ओसरली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. नारळ आणायला कोण गेलं बघा. राजा नाही, भाटकार (जमीनदार) नाही, कुणी साधुपुरुषही नाही. दुकानदार गेले. देऊळ बांधून मग भोवती बाजार वसला असं इथं झालं नाही. आधी बाजार होता, त्यानं देव बोलावून आणला.

आणि सप्ताहातले पार! बाहेरच्या लोकांना पार म्हणजे मिरवणूक वाटते. ढोल, ताशे, चित्ररथ, मागून भजन, झालं. जरा थांबून नावं वाचा. बाजारकर समाजाचा पार, नाभिक समाजाचा पार, दैवज्ञांचा पार, गाडेकारांचा पार. म्हणजे किराणा विकणारे, दाढी करणारे, सोनं घडवणारे, गाड्यावर धंदा करणारे. या गावात कोण कोण काय करून जगलं याची यादीच दर श्रावणात रस्त्यावरून चालत जाते. असा दस्तऐवज पणजीच्या कुठल्या कपाटात आहे, ते त्या गृहस्थांना विचारायचं राहून गेलं.

माझे आजोबा पेडण्याहून चौदाव्या वर्षी इथं आले ते एका पसऱ्यावर पोती उचलायला. (पसरो म्हणजे किराण्याचं दुकान; आम्ही घरी मराठी बोलायचो, पण 'किराणा' शब्द मी शाळेत गेल्यावर शिकलो.) पुढं ते मेजावर बसले, वही लिहू लागले. त्या पसऱ्यावर प्रत्येक पोत्यामागे अर्धा तांग (तेव्हाचं छोटं नाणं) वेगळा निघायचा. तो धर्मादाय खात्यावर जमा व्हायचा आणि श्रावणात सप्ताहाला जायचा. पावती नाही, सभासद अर्ज नाही, अध्यक्षांचं भाषणही नाही. साखर घेणाऱ्या बाईला ठाऊकही नसायचं की तिच्या शेरातला एक दाणा भजनाच्या पेटीवाल्याला पोचणार आहे. आजोबा म्हणायचे, "हिशोब चुकल्यार चलता, पार चुकूंक फावना." (हिशोब चुकला तर चालतं, पार चुकता कामा नये.) मालकासमोर हे वाक्य ते बोलले नसणार याची मला खात्री आहे.

शेजारी कापडाचं दुकान होतं, मालक मुसलमान. आमच्या पाराच्या दिवशी त्याच्या ओट्यावर पाण्याचे हंडे भरून ठेवलेले असत. यात मोठेपणा कुणाला वाटत नव्हता. ईदेच्या आदल्या रात्री आजोबा त्याच्या दुकानात कापड मोजायला जात, त्याचंही कुणाला काही वाटत नव्हतं.

नाकेबंदीच्या वर्षांबद्दल मात्र ते भरभरून बोलायचे. 1955 पासून भारतानं सीमा आवळली, कॅसलरॉककडून येणारी मालगाडी थांबली. पलीकडच्यांना वाटलं गोवा उपाशी मरेल. पोर्तुगीजांनी आयात मोकळी केली आणि माल समुद्रातून आला. हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानातला तांदूळ, सिलोनचा चहा, जपानचं सिमेंट. बोटीतून उतरलेला माल पहिल्यांदा आमच्याच गावाच्या नाकावरून जायचा. ज्या पसऱ्यावर घाटावरची मिरची आणि बेळगावचा गूळ विकला जायचा, तिथं गिऱ्हाइकं बटाटा हातात घेऊन विचारू लागली, हो हॉलंडचो मरे? आजोबांचं मत असं की त्या बटाट्याला चव नव्हती, पण तो सोलायला सोपा होता. सप्ताह त्या वर्षांतही बसला. वर्गणी कमी पडली नाही, उलट वाढली, असं ते सांगत. बंदरात पैसा खेळत होता.

आता माझी खरी तक्रार. काही वर्षांपूर्वी एका उत्सवाची स्मरणिका हाती आली. गुळगुळीत कागद. पहिली कित्येक पानं शुभेच्छांची, फोटोंसकट. मग जाहिराती. इतिहास अर्ध्या पानाचा, आणि त्यातही फक्त अध्यक्षांची नावं. कुठल्या दुकानाच्या पायरीवर बैठका व्हायच्या, पेटी-तबला कुणाच्या माळ्यावर ठेवलेला असायचा, भजनाच्या पाळीसाठी रात्री दोनला कुणी कुणाला उठवायचं, याचा एक शब्द नाही. ही नावं सांगणारी माणसं तेव्हा जिवंत होती. आज त्यातली दोन-तीन उरली असतील.

दुकानंही चाललीत. 2012 ला लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा बंदरावर जगणाऱ्या गल्ल्यांचा निम्मा दम गेला. बाकीचा मोबाईलवरच्या खरेदीनं काढला. मी कुणाला दोष देत नाही, माझ्या घरीही आठवड्याला दोन खोके येतात. पण दुकान बंद होतं तेव्हा पारातला एक दिवा कमी होतो. मुलगा बंगळूरला नोकरीला गेला की त्या घरातून पाराला खांदा द्यायला कुणी उरत नाही. सप्ताहातल्या फेरीत (जत्रेच्या बाजारात) आज खाज्याच्या मिठाईच्या दुकानांपेक्षा प्लास्टिकच्या बादल्या जास्त दिसतात. पण त्यावर रडत बसण्याइतका मी म्हातारा नाही, आणि बादली मीही तिथूनच घेतो.

आजोबांची एक वही माझ्याकडे आहे. लाल कापडी पुठ्ठा, आत मोडीवळणाची देवनागरी. 1959 साली गोव्यात रुपया जाऊन पोर्तुगीज नाणं एस्कुद आलं, एका रुपयाला सहा. जानेवारीपासून अख्खी वही एस्कुदांत आहे. एकच खातं तसंच रुपये-तांगांत चालू राहिलंय, धर्मादाय. देवाचा हिशेब नव्या नाण्यात करायला मालक तयार झाला नसावा, किंवा आजोबांनाच सहानं गुणायचा कंटाळा आला असावा. दोन्ही शक्य आहे. 1961 च्या पावसाळ्यानंतरची पानं वाळवीनं खाल्लीत.

तर वास्कोकरांनो, तुमच्या माळ्यावर, देवघराच्या खालच्या कप्प्यात, बंद पडलेल्या दुकानाच्या गल्ल्यात अशी वही, पावतीपुस्तक, पाराची वर्गणीची यादी असेल तर यंदाच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. मला कळवा. रविवारी मोबाईल घेऊन येतो, पान पान फोटो काढतो, वही तुमच्याच घरी ठेवून जातो. पणजीच्या त्या गृहस्थांचा नंबर मी घेऊन ठेवलाय, पहिले शंभर फोटो झाले की पाठवणार आहे.