खासगी दवाखाने राहू देत, दरपत्रक मात्र एकच हवं

सर्वांना मोफत उपचार हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, खासगी रुग्णालयं सरकारजमा करा. दुसरा म्हणतो, सरकारला साधा दवाखाना धड चालवता येत नाही, विम्याचं कार्ड द्या आणि बाजूला व्हा. मला दोन्ही पटत नाही. सरकारी आणि खासगी एकत्र नांदू शकतात, आणि आपण महाराष्ट्रात ते एकदा करून पाहिलेलं आहे.

आठवा मे २०२०. राज्य सरकारने आदेश काढला की खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा सरकारने ठरवलेल्या दराने द्यायच्या, उरलेल्या २० टक्के खाटांना त्यांनी आपला दर लावावा. कोविडच्या साध्या वॉर्डात दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूत ७,५००, व्हेंटिलेटर लागला तर ९,०००. बिलं तपासायला ऑडिटर नेमले. इमारत तीच, डॉक्टर तेच, मालक तोच. बदलला तो फक्त दर ठरवणारा. पळवाटा राहिल्याच. पीपीई किट, महागडी औषधं, सीटी स्कॅन त्या दरात धरलेले नव्हते आणि बिलं नेमकी तिथेच फुगली. पण ऑडिटमधून जादा घेतलेले पैसे परत मिळालेली कुटुंबंही आहेत. त्याआधी कुणाच्या बापजन्मी हॉस्पिटलने बिलाचे पैसे परत केले होते? साथ ओसरली आणि दरही गेले.

जपानमध्ये हेच बारमाही चालतं. तिथे १९६१ पासून प्रत्येक नागरिकाला आरोग्य विमा आहे आणि बहुतेक रुग्णालयं खासगीच आहेत. पण उपचारांचं दरपत्रक देशभर एकच, ते सरकार दर दोन वर्षांनी बदलतं. रुग्ण सहसा ३० टक्के भरतो, म्हाताऱ्यांना त्याहून कमी, आणि महिन्याच्या खर्चाला मर्यादा असते. विम्यात बसणाऱ्या उपचारासाठी वरचे पैसे मागता येत नाहीत. खासगी मालकी आणि मनमानी दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकच समजून भांडत बसतो.

आता आपलं बघा. महात्मा फुले जनआरोग्य योजना रेशन कार्डाचा रंग न बघता सगळ्यांसाठी खुली झाली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही मोठी गोष्ट आहे आणि मी ती कमी लेखणार नाही. पण योजना मुख्यतः मोठ्या आजारांची आणि ऑपरेशनची. साध्या ओपीडीचं काय? माझ्या मामांना शुगर आणि बीपी दोन्ही. आरोग्य केंद्रात गोळ्या संपल्या की ‘बाहेरून घ्या’ म्हणायचे, मेडिकलचं बिल परवडेना, मग मामा अधूनमधून गोळ्या बंद ठेवायचे. किडनी गेली. आता डायलिसिस योजनेतून मोफत होतं. महिन्याच्या गोळ्यांना पैसे नव्हते आणि आयुष्यभराच्या डायलिसिसला आहेत, हा हिशेब मला अजून कुणी समजावून सांगितलेला नाही. देशाच्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणसाच्या घरातूनच जातात.

डॉक्टरांची बाजूही खरी आहे. तालुक्याला पंधरा खाटांचं नर्सिंग होम चालवणाऱ्या जोडप्याला योजनेचं पॅकेज, म्हणजे एकेका उपचारासाठी ठरवून दिलेली रक्कम, परवडत नाही, आणि क्लेमचे पैसे वेळेवर येत नाहीत ही त्यांची तक्रार ऐकून घ्यायलाच हवी. दर त्यांच्यासोबत बसून ठरवा, पैसे मुदतीत द्या. त्यानंतर मात्र ‘डिपॉझिट भरा, मग बघू’ चालणार नाही. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, हे तर उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार २००६ पासून बंधनकारक आहे. किती रिकाम्या आहेत हे दारात येणाऱ्या रुग्णाला कोण सांगतं?

आणि हे सगळं टिकेल ते सरकारी दवाखाना दणकट असेल तरच. समोर सरकारी पर्याय नसला तर खासगीवाल्याशी दराची बोलणी कशाच्या जोरावर करणार? आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरही मोफत आहे. पण भूलतज्ज्ञाची जागा रिकामी असेल तर सिझेरियन होत नाही, आणि बाळंतीण रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्समधून पुढे पाठवली जाते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर नेऊ म्हटलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

तुमचे आमदार पुढच्या वेळी आरोग्य शिबिराचं उद्घाटन करायला आले की दोन प्रश्न विचारा. आपल्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे का, आणि शुगर-बीपीच्या गोळ्या बारा महिने मिळतात का? उत्तर काय मिळालं ते तालुक्याच्या नावासह इथे कमेंटमध्ये लिहा. मी यादी करतोय, ती जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी देणार आहे.