वाघोऱ्याचा वाघ आणि स्मिथसाहेब

मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे : ‘१८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघामागे अजिंठ्याच्या दरीत आला, त्या वाघावरून दरीला वाघोरा नाव पडले, लेणी प्रथमच माणसाच्या नजरेस आली आणि इंग्रजांनी ती जपली.’ यातले साल आणि माणूस खरे आहेत. उरलेले तपासून पाहिले पाहिजे.

वाघोरा हे मुळात नदीचे नाव आहे. अजिंठ्याच्या डोंगरातून निघून, काळ्या बेसाल्टात घोड्याच्या नालासारखी दरी कोरून ती खाली उतरते आणि वाघूर या नावाने जळगाव जिल्ह्यातून वाहत तापीला मिळते. नावात वाघ ऐकू येतो, हे खरे. पण काठावरच्या एवढ्या गावांनी आपल्या नदीचे नाव एका परक्या शिकाऱ्याच्या एका दिवसावरून ठेवले, असे म्हणणाऱ्याने पुरावा द्यायला हवा, आणि मजकुरात तो नाही.

‘प्रथमच नजरेस’ हा दावा तर दरीच्या माथ्यावरचे गावच खोडून काढते, कारण त्या गावाचे नाव लेणापूर आहे. शिवाय हीच गोष्ट सांगणारे बहुतेक जण साहेबाला वाट दाखवणारा एक गुराखी पोरगाही सांगतात. त्या पोराला आधीच ठाऊक असलेली जागा साहेबाने ‘शोधली’ कशी, हे मात्र कोणी सांगत नाही.

जपणुकीचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी आणि १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह चित्रांच्या नकला केल्या, आणि त्या कष्टांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु नकला म्हणजे जतन नव्हे : त्यांतल्या बऱ्याचशा १८६६ आणि १८८५ साली इंग्लंडमधील आगींत जळाल्या, तर रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर लावलेले व्हार्निश पुढे काळपट पडले. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानाने १९१४ साली पुरातत्त्व खाते काढून ते गुलाम यझदानी यांच्याकडे सोपवले, आणि १९२० नंतर चेकोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावून सुटत चाललेला गिलावा भिंतीला पुन्हा पक्का करून घेतला. त्यांनी वापरलेली लाखही कालांतराने काळवंडली, हे येथे लपवण्याचे कारण नाही. पुढे ही जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली, १९८३ साली लेणी जागतिक वारसा ठरली, आणि आता खासगी वाहने फर्दापूरजवळच्या फाट्यावर थांबवून शेवटचे चारेक किलोमीटर बसने जावे लागते, ते दरीत धूर कमी व्हावा म्हणूनच.

स्मिथसाहेबाने मागे ठेवले ते एवढेच : दहाव्या लेण्यातील खांबावर, बोधिसत्त्वाच्या चित्रावर कोरलेले स्वतःचे नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख. लेण्यात साचलेल्या मातीच्या थरावर उभे राहून त्याने ते कोरले होते, त्यामुळे आज ते उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते.