नव्वद टक्के मोकळे

कोल्हापुरात ‘सध्या काय करालाइस?’ ह्या प्रश्नाला सरळ उत्तर असलेलं बरं. मी तेलातले पाण्याचे थेंब चाळतो, असं सांगितल्यावर शेजारच्या काकूंनी ‘म्हणजे आरओचा धंदा’ हे परस्पर ठरवलं आणि कँडल कधी बदलायची ते विचारलं. मी तेही सांगून टाकलं. खऱ्यापेक्षा ते सोपं होतं.

खरं असं, की उसाच्या बगॅसमधला, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडातला, सेल्युलोज फोडून त्याची साखर करणारं तगडं एन्झाइम आम्हाला हवंय. त्यासाठी त्याच्या जनुकात मुद्दाम चुका पेरायच्या, लाखो जिवाणूंत एकेक बिघडलेली आवृत्ती घालायची आणि त्यातली चुकून सुधारलेली हुडकायची. ह्या मार्गानं फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी 2018 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा नेला. पेरणी सोपी. हुडकण्यात जीव जातो.

पूर्वी प्लेटच्या खळग्यांत पिपेटनं एकेक नमुना भरायचे आणि संध्याकाळी अंगठा शेकत बसायचे. आता प्रत्येक जिवाणूला तेलात तरंगणारा स्वतःचा थेंब. व्यास 50 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिलिटरात दीड कोटी बिऱ्हाडं. थेंबात एक रसायन असतं. एन्झाइमनं ते तोडलं की हिरवा चमकणारा रंग सुटतो. लेझरपुढून जाताना थेंब चमकला की विजेच्या झटक्यानं तो बाजूच्या वाटेला ओढला जातो, नाही तर थेट कचऱ्यात. 2009 सालीच हा वेग सेकंदाला 2,000 थेंबांवर गेला होता. 2010 च्या एका प्रयोगात दहा तासांत दहा कोटी नमुने तपासले, तेही 150 मायक्रोलिटरहून कमी द्रवात. हे वाचून मी ह्या लायनीत आलो. ॲव्हरेज वाचून गाडी घ्यावी, तसं.

कारण त्या दहा तासांत धूळ धरलेली नसते. हे थेंब पाडणारी चिप पारदर्शक रबराची, तिच्यातली वाट केसाएवढी. मायक्रोस्कोपखाली दोन्हीकडून तेल येतं, मधली पाण्याची धार कंबरेत आवळली जाते आणि तुटून थेंब टपाटप पळू लागतात. बघत राहावं असं दृश्य! तेवढ्यात कुणाच्या तरी बनियनचा एक धागा डुलत येतो, तोंडाशी आडवा बसतो, मागचे थेंब एकमेकांत घुसतात आणि लाखो वेगवेगळ्या आवृत्त्यांची एकच आमटी होते. गळीत हंगामात तर विचारू नका. कारखान्याच्या धुराड्यातून बगॅसचीच काजळी उडते, गच्चीवरच्या कपड्यांवर बसते आणि शर्टावरून माझ्याबरोबर लॅबमध्ये येते. ज्याला फोडायला निघालोय, तोच आधी माझी चिप तुंबवतो.

मामांना हे सगळं एकदा नीट सांगितलं. मामा साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरणारे, होते. काचेवर नमुना घेऊन उजेडात दाणा बघण्यात जन्म गेला. त्यामुळे लेझर त्यांना लगेच पटला. अडलं ते भलतीकडेच.

“सगळ्या थेंबांत जिवाणू असतोय न्हवं?”

“नाही मामा. दहातले नऊ मोकळे.”

“आरं, मग भरून घाल की लेका!”

घालता येत नाही. जिवाणू रांगेनं येत नाहीत, कसेही येतात. दाट मिसळले तर एका थेंबात दोघं शिरतात, आणि कामसू गडी चमकला की शेजारच्या ऐतोबालाही बढती मिळते. म्हणून इतकं पातळ करायचं, की सुमारे 90 टक्के मोकळे, 9 टक्क्यांत एकच आणि दोघं असलेले अर्धा टक्का.

“मोकळं पळवायला एवढी मशीन? चेअरमननं घरी बसवला असता तुला,” मामा म्हणाले. मग थांबून, “पर ऐतोबाचं म्हणतोस ते खरं हाय. आमच्यात लई हुते.”

पुढचं दुखणं मात्र त्यांनीच काढलं. चमकलेलं एन्झाइम बगॅस फोडतंच, हे कशावरून? मी गप्प. कारण बरीचशी आमच्या त्या रसायनावर तुटून पडतात आणि खरा बगॅस दिसला की हातसुद्धा लावत नाहीत. तोंडी परीक्षेत पहिला, कामाला शून्य.

“मग चिपाडावरच बघ की डायरेक्ट!”

चिपाड थेंबात मावत नाही, हे मी सांगेपर्यंत मामा उठले होते. दोन दिवसांनी गेटवरून फोन आला. “साहेब, तुमच्या मामांनी टेम्पोतनं बगॅसची तीन पोती पाठवल्यात. एक फाटलंय. वर लॅबमध्येच आणून ठेवू न्हवं?”