‘सुईचं काम डॉक्टरांवर सोडा’ या प्रतिक्रियेला उत्तर

डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) आजारात डोळ्यात घ्यायच्या इंजेक्शनांवरच्या माझ्या लेखाला पुण्याच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. मी लिहिलं होतं की इंजेक्शन ऑपरेशन थिएटरात दिलं काय किंवा दवाखान्यातल्या वेगळ्या, स्वच्छ खोलीत दिलं काय, जंतुसंसर्गाचा धोका दोन्हीकडे फार कमी असतो आणि तो जागेपेक्षा पद्धतीवर ठरतो. यांचं म्हणणं असं: आकडे परदेशातले आहेत, आपल्याकडच्या तज्ज्ञांच्या संस्था थिएटरच सांगतात, त्यांच्या नात्यातल्या एकाचा डोळा अशा इंजेक्शननंतर गेला. आणि शेवटी, ‘सिस्टर, कोकणात बसून लोकांच्या डोळ्यांशी खेळू नका. सुईचं काम डॉक्टरांवर सोडा.’

आकड्यांचं मान्य. दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एखादा संसर्ग, हे प्रमाण मुख्यतः अमेरिकेतलं आणि तिथे ही इंजेक्शनं दवाखान्यातच देतात. लेखात तेवढी ओळ आता घातली आहे.

शेवटच्या वाक्याचं मात्र तसं नाही. माझी सगळी नोकरी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या थिएटरांत गेली. सुई मी कधीच हातात घेतली नाही, पण सुईच्या आधीचं बरंच काही सिस्टरच्या हातात असतं. पापण्या, त्यांच्या कडा आणि डोळ्याचा पांढरा भाग पाच टक्के पोव्हिडोन आयोडीनने भिजवायचा. भिजवला की लगेच सुई नाही, औषधाला काम करायला वेळ द्यायचा. मग पापण्या उघड्या धरणारा चिमटा, म्हणजे पापणीचा केस सुईला शिवत नाही. मग डॉक्टर बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर सुई घालतात. यातलं आयोडीन चुकलं तर कुठलंही थिएटर तुम्हाला वाचवणार नाही. आधी चार दिवस अँटिबायोटिकचे थेंब घातले तरी त्याची भरपाई होत नाही.

आणि थिएटर म्हणजे काय ते मला तुम्ही सांगू नका. पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरलेलं थिएटर मी पाहिलंय. पेशंटचा डोळा चिमट्याने उघडा ठेवलेला आणि मास्क हनुवटीवर ओढून दोघं त्याच्या तोंडावर गप्पा मारतायत, हेही पाहिलंय. त्यांना गप्प बसा म्हटलं म्हणून मेमो मी घेतलाय. माणसाच्या तोंडात स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू असतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर होणाऱ्या संसर्गापेक्षा या इंजेक्शनांनंतरच्या संसर्गात ते जास्त सापडतात. म्हणून सुई आत असताना कुणी बोलायचं नाही, पेशंटनेसुद्धा नाही. हे पाळायला थिएटर लागत नाही, शिस्त लागते. २०११ मध्ये अमेरिकेत मायामीकडे बारा पेशंटच्या डोळ्यांत संसर्ग झाला. वेगवेगळे दवाखाने, पण औषध एकाच फार्मसीत एका बाटलीतून लहान सिरिंजांमध्ये भरलेलं. जंतू सिरिंजमधूनच आले होते. तिथे थिएटर असतं तर काय फरक पडला असता, ते तुम्हीच सांगा.

बाकीचं थोडक्यात. संस्थांचा सल्ला मला ठाऊक आहे आणि तो मोडा असं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या नातेवाइकांबद्दल वाईट वाटतं, पण कागद न पाहता त्यावर बोलणं मला जमणार नाही.

‘कोकणात बसून’ हे शब्द मात्र पुन्हा लिहू नका. इथल्या म्हाताऱ्या माणसाला सुरुवातीला दर महिन्याला इंजेक्शन लागतं. ते घ्यायला कोल्हापूर गाठायचं, तर करूळ घाटात दरड आली की रस्ता बंद. तारीख हुकते, पडद्याची सूज वाढते आणि गेलेली नजर मग पूर्ण परत येत नाही. हा धोका तुमच्या प्रतिक्रियेत एका शब्दानेही नाही. मी तो घराघरांत पाहिलाय, म्हणून लिहिते.

इंजेक्शननंतर कशाकडे लक्ष ठेवायचं, असं मालवणच्या ज्या वाचकांनी विचारलंय त्यांना: इंजेक्शननंतर डोळा थोडा खुपणं, सुईच्या जागी लाल डाग दिसणं चालतं. पण पहिल्या आठवड्यात दुखणं वाढत गेलं, लाली वाढली किंवा नजर अंधुक व्हायला लागली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा आणि डोळा दाखवून या.