मदरबोर्ड ‘६० अंशांवर’ गेला म्हणून बदलू नका

सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: डेस्कटॉपच्या मदरबोर्डचं तापमान ६० अंशांवर गेलं की बोर्ड जायला आला. मग थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला, जादा पंखे लावा, कॅबिनेटची बाजू उघडी ठेवा, तरी आकडा उतरला नाही तर बोर्डच बदला. हा आकडा कुठल्या सेन्सरचा, हे यात कोणी विचारतच नाही. लोकांचे पैसे हकनाक जातात ते इथेच.

‘६० म्हणजे धोका’ – कशाचे ६०? चिपसेटला, म्हणजे यूएसबी-डिस्क वगैरेंची जोडणी सांभाळणाऱ्या बोर्डावरच्या चिपला, ६०-७० अंश नवे नाहीत. प्रोसेसरला वीज पुरवणारं व्हीआरएम हे सर्किट लोडवर (जड काम चालू असताना) ८०-९० अंशांवर चालतं. त्यातले मॉस्फेट (विजेचे छोटे स्विच) साधारण १२५ अंश किंवा त्याहून जास्त तापमानासाठी बनवलेले असतात. ‘सिस्टिम’ किंवा ‘मदरबोर्ड’ नावाचा सेन्सर मात्र खोलीच्या तापमानाच्या आसपास फिरतो. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला खोलीतच ४० अंश असतील, तर त्या सेन्सरवरचे ५५ म्हणजे वाढ फक्त १५ अंशांची. खोलीचं तापमान न लिहिता नुसता बोर्डाचा आकडा सांगण्यात अर्थ नाही.

‘१२७ अंश दाखवतंय, लगेच बंद करा’ – बोर्डावरच्या नुव्होटॉन किंवा आयटीई या कंपन्यांच्या सेन्सर चिपला अनेक इनपुट असतात आणि बोर्ड बनवणारे ते सगळे जोडत नाहीत. मोकळं इनपुट वाट्टेल तो आकडा दाखवतं. आठ बिटांच्या चिन्हांकित संख्येत मावणारा सर्वांत मोठा आकडा १२७ आहे, म्हणून तो वारंवार दिसतो. एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, दहा मिनिटं लोड द्या. आकडा जागचा हलला नाही आणि बायोसच्या (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगच्या) हार्डवेअर मॉनिटर पानावर तसं काही दिसत नसेल, तर ती ओळ सोडून द्या.

‘पेस्ट बदला’ – पेस्ट सुकली की प्रोसेसर तापतो, बोर्ड नाही. व्हीआरएमच्या हीटसिंकखाली पेस्ट नसते, थर्मल पॅड (उष्णता वाहणारी मऊ पट्टी) असतो, बहुधा १ ते १.५ मिमी जाडीचा. तो काढून पेस्ट लावली तर फट भरत नाही आणि व्हीआरएम आधीपेक्षा जास्त तापतं. चिपसेटचं हीटसिंक हलत असेल तर त्याची प्लास्टिकची पिन तुटली आहे का ते पाहा.

‘पंखे वाढवा’ – आधी आहेत ते नीट चालतात का बघा. पंख्याची आडव्या दांड्यांची बाजू म्हणजे हवा बाहेर पडायची बाजू. पुढचा पंखा हवा आत घेणारा, मागचा ती बाहेर फेकणारा असावा. पुढची जाळी धुळीने बुजली असेल तर चौथा पंखाही काही करणार नाही. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा. बायोसमध्ये कॅबिनेटचे पंखे बहुतेकदा प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले असतात. गेम खेळताना उष्णता ग्राफिक्स कार्ड ओतत असतं, पण प्रोसेसर निवांत असल्यामुळे पंखे संथच राहतात. फॅन कर्व्हचा (कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल या सेटिंगचा) स्रोत बदलून ‘सिस्टिम’ करा. यासाठी रुपयाही लागत नाही. आणि मूळचा कूलर काढून लिक्विड कूलर बसवला असेल तर संशय तिथेच घ्या: जुना पंखा खाली व्हीआरएमवरही वारा मारत होता, तो आता थांबला आहे.

‘बाजू उघडी ठेवा’ – हा उपाय नव्हे, चाचणी आहे. उघडल्यावर आकडा ८-१० अंशांनी उतरला तर अडचण हवेच्या वाटेत आहे. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर आधी ते बाहेर काढा.

‘बोर्ड बदला’ – इंटेलचा आय७-१२७०० हा प्रोसेसर कागदावर ६५ वॉटचा, टर्बोत (वेग तात्पुरता वाढवताना) १८० वॉटपर्यंत जातो. व्हीआरएमवर हीटसिंक नसलेल्या एच६१० चिपसेटच्या साध्या बोर्डावर व्हीआरएमची दमछाक होते आणि प्रोसेसर ७० अंशांवर असतानाच वेग घसरतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘व्हीआर थर्मल अलर्ट’ला ‘येस’ आलं की निदान पक्कं. बायोसमध्ये पीएल१ आणि पीएल२ (प्रोसेसरच्या वीजवापराच्या दीर्घ आणि अल्पकाळच्या मर्यादा) दोन्ही ६५ वॉटवर आणून पुन्हा लोड द्या; अलर्ट गेला तर बोर्ड बदलायची गरज नाही. कपॅसिटर फुगलेला, बोर्डावर काळा डाग किंवा जळका वास असेल तर मात्र लगेच बंद करा; तिथे बिघाड खरोखर बोर्डातच आहे.