ती ओळ परीक्षेला येत नाही म्हणे!

आज अप्पा बळवंत चौकात डोकंच फिरलं. भाच्यासाठी आवर्तसारणीचा तक्ता घ्यायला गेले होते. दुकानदाराने गुंडाळी सोडली, बघते तर ११८ च्या चौकोनात अजून 'अनअनऑक्टियम'! ११३, ११५, ११७ सुद्धा तशीच, तात्पुरत्या नावांची. अहो, नोव्हेंबर २०१६ मध्ये या चौघांची बारशी उरकली. निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन, ओगानेसॉन. तसं म्हटलं तर म्हणतो, "ताई, ती ओळ परीक्षेला येत नाही. कोणी बघत नाही."

कोणी बघत नाही! त्यातलं एकटं ११३ घ्या. जपानच्या रिकेन संस्थेत मोरितांच्या गटाने बिस्मथवर जस्ताचा मारा केला. ८३ प्रोटॉन अधिक ३० प्रोटॉन, हिशोब सोपा. पण दोन्ही अणुकेंद्रकं धनभारित, एकमेकांना ढकलणार. चिकटली तरी बहुतेकदा लगेच फुटणार. पहिला अणू २००४ ला, दुसरा २००५ ला आणि तिसरा थेट २०१२ ला. मधली सात वर्षं माणसं यंत्रापाशी बसून! आणि आमच्याकडे मार्क नाहीत म्हणून त्या चौकोनावर फुली.

गुंडाळी धरताना त्या गृहस्थांचा अंगठा नेमका ११७ वर होता. त्यासाठी लागणारं बर्केलियम अमेरिकेत ओक रिजच्या अणुभट्टीत तयार झालं, अवघं २२ मिलिग्रॅम, आणि ३३० दिवसांत त्यातलं निम्मं आपोआप संपणार. ते रशियात दुब्नाच्या प्रयोगशाळेत पोचवायचं, तर कस्टमच्या कागदपत्रांच्या घोळात पार्सलने अटलांटिकवरून पाच फेऱ्या मारल्या. (सरकारी कागद तिकडेही तसेच.) एवढ्या उपद्व्यापातून २०१० ला जाहीर झाले सहा अणू. सहा!

हो, मान्य. उपयोग काहीच नाही आणि पैसा पाण्यासारखा जातो. त्या बर्केलियमवर मारा करायला लागतं ते कॅल्शियम-४८ निसर्गातल्या कॅल्शियममध्ये ०.२ टक्केही नसतं. पुढे बोला.

तक्ता शेवटी तोच आणला, दुसरा नव्हता. मार्करने चारही नावं खोडून नवी लिहिली. भाच्याने विचारलं, "मावशी, ओगानेसॉन एका मिलिसेकंदाच्या आत जातं, मग होतं हे कळतं कसं?" राग तिथेच उतरला माझा. त्याला म्हटलं, जाताना अल्फा कण, म्हणजे दोन प्रोटॉन असलेला तुकडा, टाकतं. एक कण टाकला की दोन घरं मागे. बोट ठेव ११८ वर. ११६, ११४, मग कधी ११२ आणि तिथे दुभंगतं. प्रत्येक कणाची ऊर्जा आणि वेळ नोंदवायची आणि उलट्या पावलांनी मूळ गाठायचं. पोरगं अर्धा तास तक्त्यावर बोटाने उड्या मारत होतं. हे कुठल्या क्लासमध्ये शिकवतात सांगा, फी मी भरते.

ज्यांचं नाव मूलद्रव्याला दिलं आणि ते जाहीर झालं तेव्हा हयात होते असे शास्त्रज्ञ दोनच, सीबोर्ग आणि ओगानेसियन, हेही त्याला सांगितलं. त्याने लगेच स्वतःच्या आडनावाला 'इयम' लावून पाहिलं. बरं वाटत नाही, पण असो.

आता रिकेनवालेच ११९ च्या मागे आहेत, क्युरियमवर व्हॅनेडियम मारतायत. सापडलं तर आठवी ओळ सुरू करावी लागेल. आमच्या तक्त्यात तिला जागाच नाही; खाली छापखान्याची जाहिरात आहे.