हात काळे न करता चित्रकला शिकवण्याविषयी

विद्यापीठात रेखांकन आणि रंगचित्रण शिकवण्याची नेमणूक आपल्याला मिळाली असेल, तर पहिल्या दिवसापासून एक दक्षता घ्यावी. विद्यार्थ्यांसमोर पेन्सिल धरावी ती फक्त हजेरी मांडण्यासाठी. प्राध्यापक वर्गात चित्र काढू लागला की ते चुकण्याची शक्यता निर्माण होते. आणि ते चुकताना, पुसताना, पुन्हा मांडताना विद्यार्थ्यांनी पाहिले, की चित्र असेच होत असते ही घातक माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचते.

स्थिरचित्राचा वर्ग त्यातल्या त्यात सोयीचा. टेबलावर चुरगळलेले कापड, पितळी तांब्या, मडके आणि दोन कांदे मांडले, की निदान आठवडाभर आपण मोकळे. (कांद्यांना कोंब फुटले तरी बदलू नयेत, त्याला निसर्गाचा अभ्यास म्हणता येते.) पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मडक्याचे तोंड हमखास जास्त उघडे काढतो, कारण ते गोल आहे हे त्याला ठाऊक असते आणि ठाऊक असलेलेच तो काढतो. बूड मात्र तो सरळ रेषेने कापून टाकतो. खरे तर तोंडाची कड डोळ्यांच्या पातळीच्या जितकी जवळ, तितका तो लंबगोल चपटा दिसतो, आणि पातळीपासून खाली जावे तसा तो फुगत जातो, म्हणून बुडाची वक्रता तोंडापेक्षा अधिक असते. हे समजावायला पाच मिनिटे पुरतात. पण त्यासाठी विद्यार्थ्याच्या स्टुलावर बसून, त्याच्या उंचीवरून ते मडके पाहावे लागते. हा मोह टाळावा. आपण त्याच्या पाठीशी उभेच राहावे. उभ्याने तेच तोंड अधिक उघडे दिसते, त्यामुळे त्याने एखादे वेळी अचूक काढलेला लंबगोलही आपल्याला चुकीचा वाटतो, आणि ‘तोंड जरा मोठे करा’ असे मनापासून सांगता येते. तो बिचारा खोडतो.

याखेरीज ‘टोन कमी पडतोय’, ‘अजून काम हवे’ आणि ‘थोडे मोकळे व्हा’ ही तीन वाक्ये कोणत्याही चित्रापुढे, किंबहुना चित्र न पाहताही, चालतात.

कोणी परंपरेचा विषय काढल्यास मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे १८५७ हे स्थापनावर्ष तत्परतेने सांगावे, मात्र त्यापुढे जाऊ नये. पुढे गेल्यास तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आडवे येतात. १८७२ पासून १८८५ पर्यंत, मधला खंड सोडल्यास, ते या शाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते, म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी एकाच भिंतीसमोर एकच रेषा शोधत होते. असली उदाहरणे विद्यार्थ्यांच्या कानी पडली तर ते आपल्याकडूनही तशी अपेक्षा धरतील. शिवाय त्या श्रमाचे फलित काय? लंडनला पाठवलेल्या प्रतिकृतींपैकी कितीतरी १८८५ च्या आगीत जळून गेल्या. आपल्या अध्ययन-निष्पत्तींच्या, म्हणजे शिकून विद्यार्थ्याला काय येईल हे लिहून ठेवण्याच्या, फायलीला असा धोका नाही. तिच्या तीन प्रती असतात आणि चौथी संगणकावर.

त्या फायलीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. ‘विद्यार्थी वस्तूंमधील अवकाश ओळखू शकेल’ हे वाक्य लिहिले, त्याला क्रमांक दिला आणि तक्त्यात योग्य त्या चौकटीत टाकले, की तो ओळखू लागला असे समजण्यास नॅकच्या, म्हणजे उच्चशिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, समितीची हरकत नसते. सोबत स्थळ-वेळ उमटलेले छायाचित्र जोडावे. त्यात चित्रफलक दिसले पाहिजेत. फलकांवर काय आहे हे दिसणे आवश्यक नाही.

एवढे करूनही वर्गात कोणी तरी शिकवावे लागतेच. त्यासाठी तासिका तत्त्वावरील शिक्षक असतात. ते वयाने लहान असतात, त्यांचे मानधन महिनोन्‌महिने रखडलेले असते, आणि का कोण जाणे, त्यांचा चित्रे काढण्याचा नाद अजून सुटलेला नसतो. मधल्या सुट्टीत डबा बाजूला सारून शिपाईमामांना समोर बसवून ते कोळशाने व्यक्तिचित्र करू लागतात. नाक चुकले तर फडक्याने झटकून पुन्हा मांडतात, आणि आपल्या तासाला न येणारी मुले तिथे कोंडाळे करून उभी राहतात. याचा मनस्ताप करून घेऊ नये. जूनमध्ये तासिकांचे नव्याने वाटप होते आणि त्या यादीवर सही आपलीच असते.